हिरवी पट्टी

बसा हो, बसा त्या खुर्चीवर, कोणी यायचं नाहीये तिथे — म्हणजे एक जण येतो नेहमी, पण मी आज टेबल लावलंय हे त्याला सांगितलेलंच नाही. काय म्हणालात? सगळ्या एकाच जातीच्या कशा? सकाळपासून प्रत्येक जण हेच विचारतोय. तो पलीकडचा टोपीवाला तर म्हणाला, गेलन, लोणचं घालायचंय का रे यांचं? अहो, मला एकच हवी होती. एकच! बाकीच्या सगळ्या चुकून आल्यात घरात. हां, उचला, बघा की — या बंदुकांच्या बाजारात दारातच प्रत्येक बंदुकीला प्लास्टिकची पट्टी बांधतात, लिव्हर हलत नाही, गोळी सुटत नाही. यंदा नारिंगी आहे. दर वर्षी रंग बदलतात. आता ही माझ्या हातातली हिरवी — ही राहू द्या, तिचं सांगतो नंतर. किंवा नाही सांगत. बघू.

माझ्या वडिलांची अशीच होती, हरणाच्या शिकारीची. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला की पुढच्या सोमवारी शिकार खुली व्हायची, आमच्या शाळेला सुट्टीच असायची, अख्खं गाव डोंगरात. वडील म्हणायचे, गेलन, बारावं लागलं की ही तुझी. मला बारावं लागायच्या आत वडील होते तो पोलादाचा कारखाना बंद पडला, आणि ती बंदूक देऊन वडिलांनी घरात कोळशाची शेगडी आणली. ऊब मीही घेतलीच की. पण ते मनातून जाईना. कमवायला लागलो आणि शोधायला लागलो. नंबर? बंदुकीवरचा नंबर कोण टिपून ठेवतो! खूण एकच — दस्त्यावर आमच्या टिलीचे दात. टिली म्हणजे कुत्री. धाकट्या भावाने, आमच्या मर्लने, बेकन खाल्लेल्या हातांनी बंदूक धरली आणि तशीच जमिनीवर टाकली, टिलीने मनसोक्त चघळली. पण दाताच्या खुणा तासता येतात, दस्ता नवा बसवता येतो — म्हणून अशी कुठलीही बंदूक हातात आली की वाटायचं, हीच असली तर?

आणि मर्ल कायम सोबत. प्रत्येक बाजाराला, असल्या प्रत्येक हॉलमध्ये. गाडी तो चालवायचा, मी खिडकीत. इथल्या बायकांच्या हातचं हॅम-घेवड्याचं सूप प्यायचं, टेबलं पालथी घालायची, अंधार पडायच्या आत घरी. अहो, मी हा नाद सोडत होतो! खरंच सोडत होतो. अर्लीन — माझी बायको, सध्या लेकीकडे गेलीय चार दिवस — ती म्हणाली, गेलन, नातवाला निजायला खोली उरली नाही, पुरे आता. म्हटलं पुरे. आणि त्याच शनिवारी इथे अशीच एक दिसली, मी खाली ठेवली, खरंच ठेवली हो, तर मर्ल कानाशी — दादा, घेऊन ठेव. हीच निघाली तर जन्मभर हळहळशील. घेतली. पुढच्या वेळी परत तेच. घेऊन ठेव, दादा. या टेबलावर जेवढ्या दिसतायत ना, त्यातल्या निम्म्या त्याच्या तोंडून आल्यात.

गेल्या महिन्यात त्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून म्हणाला, घरून माझा जाड स्वेटर आण. गेलो. कपाट उघडलं. त्याची बायको डोना वारली, तिचा हिवाळी कोट अजून तिथेच लटकतोय. तो बाजूला सारला, तर मागे घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. आता मला सांगा, तुम्ही सोडवून पाहिलं नसतं? मी पाहिलं. टिलीचे दात, साहेब. बोट फिरवलं मी त्यांच्यावरून. चारही खळगे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना — पण इथे कळसा दुसऱ्याच्या काखेत, आणि तोच माझ्याबरोबर गावभर हिंडतोय!

आणि लिव्हरला ही हिरवी पट्टी. न कापलेली. म्हणजे याच बाजारातून घेतली, आणि घेतल्यापासून एकदाही उडवली नाही. हिरव्या कधी होत्या? डोना गेली त्या वर्षी. मला तो शनिवार लख्ख आठवतो. मी सुपाच्या रांगेत होतो, परत आलो तर हा घामेजलेला, म्हणे गाडीत मफलर ठेवून आलो. मफलर! केसानं गळा कापला हो माझा. सख्ख्या भावानं.

का केलं? कळतं की मला, मी काय दगड आहे? ती सापडली असती तर आमचे शनिवार संपले असते. घर खायला उठत होतं त्याला, कबूल. मग मला सांग ना! म्हण, दादा, शनिवारी येत जा. आलो नसतो मी? बंदुकीशिवाय आलो नसतो? आणि त्याचे शनिवार राखायला माझं घर रिकामं झालं त्याचं काय? अर्लीन दोन हिवाळे झाले, आलेली नाहीये. हो, चार दिवस म्हणालो मघाशी. लोकांना तसंच सांगतो.

बंदूक? होती तिथेच ठेवली परत, कोटामागे. पट्टी तेवढी कापून आणली. बोललो नाही अजून त्याच्याशी. फोन करतो तो, वाजू देतो. बोललो की तोही गेला, मग मी आणि या — धरा जरा ही पट्टी, चष्मा पुसतो. किंमत विचारत होतात ना, कुठली, ही? ही द्यायला हरकत —

थांबा.

तो दारात कोण आहे? काठीवाला? — कोणी सांगितलं याला! बघा, बघा, सरळ इकडे येतोय का? नाही. त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी थांबला. उचलली. दस्ता बघतोय. हात करतोय मला — दादा, ये, ही बघ. ऐकलंत? अजूनही! खुब्यात लोखंड घालून आलाय, आणि अजूनही मला शोधायला लावतोय.

उठा तुम्ही. नाही, आज काही विकायचं नाही. उठा म्हणतो ना, त्याला फार वेळ उभं राहवत नाही. आणि ती पट्टी मला नका देऊ. खुर्चीवरच ठेवा.