ठेसनांची नावं पाठ

बायकोला फिरवायच्या गोष्टी मला सांगू नका. निजामाच्या राजवटीत, चैत्रात आमी घरची सगळी रेल्वेनं नांदेड, निजामाबाद, हैदराबाद बघायला निघालो. बेत माझाच, मधली समदी ठेसनं मला तोंडपाठ. बायको जनाना डब्यात. पहिल्यांदा नांदेडला उतरायचं, हे तिला सांगायचंच ऱ्हायलं.

आमी उतरलो, ती उतरंना. वडील शेजारी हुभे, त्यांच्यासमोर बायकोचं नाव कसं घ्यावं?

"अगं, ऐकलं का?" मी वरडलो.

डब्यातल्या झाडून साऱ्या बाया खिडकीतून डोकावल्या.

गाडी हलली तशी तिनं मला बघितलं अन् उडी टाकली. पदर सावरत म्हणली, "ठेसनांची नावं येतेत, माझंच तेवढं येईना व्हय?"

वडलांनीबी ऐकलं. तीन शहरं बघायचा बेत होता. मी निस्त्या माझ्या वहाणाच बघत हिंडलो.