धबधबा आणि पुढून उघडणारा गाऊन

—हं, हात जरा वर घ्या, ताई. आता हालू नका, टाचणी टोचेल. तुमची आणि तुमच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे आमच्या हिची, अंगकाठी एकच, म्हणून म्हटलं, तिचं उरलेलं सामान न्यायला आलाच आहात तर गाऊन तुमच्याच अंगावर बेतून घेऊ. पुढून उघडणारा केलाय — डोळ्याच्या ऑपरेशननंतर डोक्यावरून काही ओढायला नको ना! काय म्हणालात? बायको रुसून गेल्यावर बरं सुचलं? तुम्ही नाही म्हणालात, पण तुमच्या भुवया म्हणाल्या.

आता सगळा दोष माझ्या त्या वर्गाला देऊ नका हं. वाचनालयातल्या संध्याकाळच्या वर्गाला मला धाडलं कुणी? तिनंच! म्हणाली, जा, शोधा इंग्रजी शब्दांची कुळंमुळं, तेवढीच घरात शांतता. कसली शांतता — मी घरी येऊन दुप्पट बोलायला लागलो! पण गंमत आहे हो. आम्ही जुना कपडा उसवून शिवण बघतो ना, अगदी तसंच — पुढचा तुकडा वेगळा, मागचा वेगळा, मधे मूळ कापड. टेलर म्हणजे काय? कापणारा! डिटेल, रिटेल — सगळी त्याच घरची पोरं, सगळ्यांच्यात कापाकापी. शर्ट आणि स्कर्ट तर सख्खे भाऊबहीण — एक घरीच वाढला, दुसरी समुद्रापलीकडून आली. आणि टेलिव्हिजन? परजातीतलं लग्न! टेली ग्रीकांकडचा, व्हिजन लॅटिनकडची, आणि संसार बघा कसा घरोघर चाललाय — हसू नका, ताई, टाचणी आहे.

तर त्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आली. पर्स अजून खांद्यालाच. म्हणाली, "अहो, कॅटरॅक्ट आहे म्हणे, ऑपरेशन सांगितलंय." आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी टाळी वाजवली! म्हटलं, अगं, कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा! मूळ ग्रीक, वरून खाली कोसळणारा! मग तो लॅटिनमधे कसा गेला, तिथून डोळ्यात कसा शिरला — पाटावर बसून सगळं साग्रसंगीत. एवढ्यावर थांबलो का? छे! समोरच्या बिऱ्हाडाला हाक मारून सांगितलं, "आमच्या हिच्या डोळ्यात धबधबा आहे!" तिनं ऐकून घेतलं सगळं. मग बॅग भरली. दारात म्हणाली, "शब्द उसवत बसता, समोर माणूस बसलंय ते दिसत नाही. मोतीबिंदू नक्की झालाय कुणाला?"

खरं सांगू? कुणाला बोलू नका. घाबरलो होतो मी. ती ऑपरेशन म्हणाली तेव्हाच. आता घाबरलं की कुणी देवाला हात जोडतं, कुणी गप्प होतं, आणि मी — मी सुटतोच! छोटं ऑपरेशन आहे, सगळे सांगतात. असेल! पण टेबलावर ती असणार, सगळे थोडेच असणार? उद्या ऑपरेशनला ती तुमचा हात धरून जाणार आणि मी इथे काजं करत बसणार — हे बरं नाही, ताई. मला तिथे असायचंय. तिला सांगा, तो धबधबा मी परत घेतला. सांगाल ना? झालं, काढा आता गाऊन, शिलाई मारायला कितीसा वेळ —

काय? खाली? खाली गाडीत बसलीय? कधीची? अहो, मग मघापासून सांगितलं का नाहीत! … हो. हो, मीच बोलू देत नव्हतो. काय विचारून यायला सांगितलंय? उद्या तिच्यापाशी बसायला येणार का? येणार का म्हणजे काय, आत्ता निघतो! … अट आहे? कसली अट? … गप्प बसायचं. पूर्ण वेळ.

बसेन की! त्यात काय मोठंसं! पेशंटपाशी बसायचं म्हणजे माणसानं गप्पच — आणि पेशंट हा शब्द, ताई, मुळात —

काही नाही. चला. द्या ती सामानाची बॅग इकडे.