मांजाने बांधलेली तंगडी

अजून आठवलं की डोकं फिरतं माझं. राज्याचे दोन तुकडे झाले आणि नणंदेच्या नवऱ्याचं ऑफिस विजयवाड्याला निघालं. त्यांच्या निरोपाच्या जेवणासाठी मी सकाळभर बसून बकऱ्याच्या तंगडीतलं हाड काढलं, आत मसाला भरला. आमच्या ह्यांना एवढंच सांगितलं, "जरा दोऱ्याने बांधा आणि ओव्हनमध्ये ठेवा."

नणंद ताटावर बसली, मी भाजलेल्या तंगडीला सुरी लावली, तर दोरा गुलाबी!

"अहो, हा कुठला दोरा?"

"संक्रांतीचा मांजा. भोत मजबूत!"

"त्याला काचेची पूड असते हो!"

सगळी तंगडी कचऱ्यात गेली. नणंदेला नुसता त्या हाडाचा शोरबा वाढला. माझ्या डोळ्यांत पाणी, आणि हे विचारतात, "पण गाठ एक तरी सुटली का, सांग!"