द मॅडमचं मालक

...न्हाई न्हाई, बसा तुमी, सुभेदार उभाच बरा हाय. आवं, बसलं की उठता येत न्हाई, आन् उठलं की बसता येत न्हाई, ह्या मणक्याच्या डागदराकडं आलेला माणूस उभाच बरा! आता तुमी इचारणार, कंबर कशानं गेली? बर्फात गेली आसंल, बॉर्डरवर गेली आसंल, दरीत बिरीत पडलं आसतील... छ्या! बर्फात कायबी झालं न्हाई सुभेदाराला. कंबर गेली ती हितं, इस्लामपूरपास्नं हाकेवर, सवताच्या गावात, हायस्कूलच्या ग्राऊंडवर... आन् गेली कशापायी? इंग्रजीतल्या त्या अ, अ‍ॅन आन् द पायी! हसू नका. हसणाऱ्यांचा बी हिशोब ठेवलाय सुभेदारानं.

आन् तुमी म्हणाल, ह्यो गडी सवतालाच सुभेदार सुभेदार काय म्हणून घेतोय सारखं? मग कोण म्हणणार ओ? गावात कोण म्हणतंय का आता? सारी जवानी फौजेत घालवली, शिपाई म्हणून गेला आन् सुभेदार हून परत आला, गावानं येशीपास्नं वाजत गाजत आणला... आन् आज? डेअरीत दूध घालाय गेलं तर मापाड्या म्हणतोय, "या, द मॅडमचं मालक!" केस कापाय गेलं तर, "बसा, द मॅडमचं मालक, दाढी बी करू का?" आवं, त्येला नाव हाय का न्हाई? सुभेदार कृष्णात हरिबा जाधव! येवढं लांबलचक, भरलेलं नाव... कुटं गेलं त्ये?

तर ऐका. सुभेदाराची मंडळी म्हंजे अंजना मॅडम. गावच्याच हायस्कुलात नववी-धाव्वीला इंग्रजी शिकवत्यात. बाई लय हुशार, लय शिस्तीची, पण एक खूळ हाय. धाव्वीचं पोरगं नापास झालं तर चालंल, पण अ च्या जागी द टाकलं तर हिला रातभर झोप न्हाई! मराठीत ती भानगडच न्हाई, मग पोरांच्या डोक्यात शिरायचं कसं? तर बाईनं बैल आणला. म्हंजे फळ्यावर ओ! म्हणाल्या, "मुलांनो, गल्लीत पहिल्यांदाच एक बैल आला, कुणाचा माहीत नाही, तर 'अ बुल'. आणि मग त्याच बैलानं ढुशी मारली, तर 'द बुल'. कळलं?"

समदी पोरं म्हणाली कळलं. एक सोडून. ऋषिराज! नाव ध्यानात ठेवा. बांधावरच्या ऊसायेवढा उंच, खांदं ह्ये आसं, डोक्यात सदा भरती. पोलीस भरती न्हाईतर मिलिटरी भरती. त्यो उठला आन् म्हणाला, "मॅडम, पयल्यांदा आला तवा बी त्योच बैल, ढुशी मारली तवा बी त्योच बैल. आता द लावलं म्हणून काय त्येला जादा शिंगं फुटली?"

वर्ग हसून लोळला. आन् त्या दिवसापास्नं त्या पोरानं समद्याला द लावाय सुरवात केली. द भाकरी, द आमटी, द म्हस, द मुख्याध्यापक... आन् शेवटाला, द मॅडम! लागलं की ओ ते चिकटून! वर्गातनं शाळेत, शाळेतनं डेअरीत, डेअरीतनं साखर कारखान्याच्या गेटापत्तुर. मॅडमला काय, ती म्हणाली मुलं आहेत, जाऊ द्या. पण त्यांच्या मालकाचं काय? सुभेदार काय गप बसणार व्हय?

तरी बी बसला हुता. खरं सांगतो. पंदरा ऑगस्टपत्तुर बसला हुता.

पंदरा ऑगस्ट आसो न्हाईतर सव्वीस जानेवारी, आमच्यात रीत हाय, झेंडावंदन झालं की गावातल्या फौजी लोकांचा सत्कार. शाल, श्रीफळ, टाळ्या. त्या दिवशी सुभेदारानं युनिफॉर्मला कडक इस्त्री केली, मेडल पुसली, मिशीला पीळ दिला, पयल्या रांगंत बसला. आन् माईकवर सूत्रसंचालनाला कोण? ऋषिराज! एकेकाचं नाव घेतोय, "माजी सैनिक अमुक अमुक... माजी सैनिक तमुक तमुक..." आन् सुभेदाराचा नंबर आला तसं बेणं म्हणालं, "आता सत्कार स्वीकारतील... द मॅडमचे मालक!"

आवं, मुद्दाम न्हाई म्हणाला. त्येच तर लागलं! मुद्दाम म्हणाला आसता तर समजलं आसतं. त्येला दुसरं नावच आठवंना ओ! आन् सारं गाव हासलं. सरपंच हासलं. झेंड्याखालचा पोलीसपाटील हासला. सुभेदारानं शाल घेतली, नारळ घेतला, सलाम ठोकला, घरी आला आन् मेडल काढून ट्रंकंत टाकली. वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. आन् तवाच ठरवलं, येत्या सव्वीस जानेवारीला ह्याच पोराच्या तोंडानं, ह्याच माईकवर, सारं नाव घ्यायला लावायचं. सुभेदार कृष्णात हरिबा जाधव! आन् तवर त्येला आसा पिळायचा, आसा पिळायचा, की चरकातनं चिपाड निघावं.

मॅडमला सांगितलं. तिला वाटलं, ह्यांचं डोस्कं फिरलं. पण दिवाळी सरली, थंडी पडली, दुसऱ्या घटक चाचणीचं पेपर तपासाय आलं घरी, आन् ऋषिराजच्या पेपरात शब्दागणिक द! सवताच्या नावाला बी द! बाईनं पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आन् हळूच म्हणाली, "अहो, पण हात लावता येत नाही मुलांना. छडी नाही, उठाबशा नाहीत, नियम आहे."

"मॅडम," सुभेदार म्हणाला, "नियम मास्तरास्नी हाय. सुभेदार कुटं मास्तर हाय?"

बाई पयल्यांदा हासली त्या दिवशी. आवं, गोऱ्या चेहऱ्याची, शांत बाई, पण सूड घ्यायचा म्हणलं की डोळं कसं चमाकलं!

झालं. मुख्याध्यापकांकडं गेलो जोडीनं. त्ये म्हंजे छातीवर हात ठेवून बोलणारं माणूस. "वाऽऽ! पहाटेच्या मंगल समयी आंग्लभाषा आणि व्यायाम! उत्तम उपक्रम! फोटो मात्र काढा हं!" दुसऱ्या दिवशी उजाडायला ग्राऊंडवर जादा तास चालू. मॅडम खुर्चीवर बसून वाक्य इचारणार, पोरगं चुकलं की सुभेदार शिट्टी मारणार... पिऽऽऽ! धा जोर आन् ग्राऊंडला एक चक्कर!

ऋषिराज चुकला. धा जोर. परत चुकला. परत धा. "सन" च्या आधी अ लावला, जोर. "अंब्रेला" च्या आधी द... न्हाई न्हाई, अ‍ॅन सोडून अ लावला, जोर. घामानं निथळतंय पोरगं, मातीत नाक घासतंय, आन् सुभेदार वर उभा, मनात गुदगुल्या! म्हणलं, घे, घे द, अजून घे! पंदरा ऑगस्टची एकेक टाळी वसूल हुत हुती.

पण दुसऱ्या दिवशी पोरं वाढली. तिसऱ्या दिवशी अजून वाढली. शेजारच्या वाडीवरनं सायकलीवर पोरं याय लागली! आन् मॅडम घरी येऊन कपाळाला हात लावून, "अहो, काहीतरी बिघडलंय. मुलं आणखी चुकतायत. ती प्रांजल, वर्गात पहिली येणारी, तीसुद्धा आज 'अ सन' म्हणाली!"

सुभेदाराला बी डाळीत काळं दिसाय लागलं. तर पाण्याच्या टाकीमागं बूट बांधत बसला हुता, आन् पलीकडं ऋषिराज नव्या पोरांस्नी सांगतोय, "आरं गड्या, भरतीच्या अकॅडमीत ह्याच जोराला लोकं पैसं मोजत्यात! हितं फुकट! ते बी खऱ्या सुभेदाराच्या हाताखाली! फकस्त एकच करायचं, उत्तर येत आसलं तरी चुकायचं. जितकं चुकशील तितकी छाती वाढंल. माजी दोन इंच वाढली बघ!"

आयला! म्हंजे सुभेदार सूड घेतोय म्हणून पहाटे उठतोय, आन् पोरं त्येच्याकडनं भरतीची तयारी करून घेत्यात! आवं, साताऱ्या-सांगलीच्या पोरांस्नी जोराची शिक्षा देणारा सुभेदार येडा का पोरं शाणी? सवता ह्याच मातीत जोर मारून भरती झाला, आन् त्येच इसरला! सांगा, आता सुभेदार काय गप बसणार व्हय?

मॅडमला सांगितलं. बाई चपात्या लाटत हुती. लाटणं थांबलं. म्हणाली, "उद्यापासून उलटं करायचं. उत्तर बरोबर आलं तर जोर, चक्कर, सगळं. चुकलं तर बसायचं."

"बसायचं म्हंजे?"

"बसायचं. सतरंजीवर. शाल पांघरून. गप्प."

सुभेदारानं त्या बाईला मनातल्या मनात सलाम ठोकला! सारी फौज फिरला, पण आसली शिक्षा कुणाला सुचली न्हाई. दुसऱ्या दिवशी ऋषिराज मोठ्या हौसेनं चुकला आन् जोराला वाकला, तवर सुभेदारानं बखोट धरून सतरंजीवर बसवला, आंगावर शाल घातली, कानाला गुंडाळली, हातात गरम दुधाचा पेला दिला. "बस बाळा. दमला आसशील." पोरं पळत्यात, धुरळा उडतोय, प्रांजल बघता बघता पुढं गेली, आन् ह्यो भीमासारखा गडी बाळंतिणीगत शाल पांघरून दूध पितोय! रडकुंडीला आला ओ! "सुभेदारसायेब, येक चक्कर तरी..." "न्हाई बाळा, थंडी हाय." आवं, काय तो आनंद! सुभेदाराला मेडल मिळालं तवा बी येवढा झाला न्हवता!

मग काय, पोरगं म्हशी चारताना अ, अ‍ॅन, द घोकाय लागलं. ऊसाच्या बांधावर अ, अ‍ॅन, द. आठवड्याच्या आत एक बी चूक न्हाई. आन् मॅडमपुढं उभा राहून म्हणाला, "मॅडम, चुकलो. लय तरास दिला. सव्वीस जानेवारीला माईक माज्याकडंच हाय. सायेबांचं सारं नाव घेतो. इंग्रजीत घेतो!"

जिंकलं का न्हाई? जिंकलं! हितंच थांबाय पायजे हुतं. पण पोरगं जाता जाता म्हणालं, "सायेब, तुमी म्हणायचा न्हवं, फौजेत शिकवणारा उस्ताद बी जवानांच्या संगंच जोर मारतो? मग?"

भरल्या ग्राऊंडवर! पोरी बघत्यात, मॅडम बघत्यात! आता तुमीच सांगा, सुभेदार काय गप बसणार व्हय? शर्ट काढला आन् वाकला! पण ध्यानात घ्या, आता कुणी चुकतच न्हवतं. मॅडमनं असलं शिकवलं, असलं शिकवलं, की प्रत्येक उत्तर बरोबर! उत्तर बरोबर, धा जोर. पुढचं बरोबर, परत धा. सुभेदार मनात देवाचा धावा करतोय, चुका रं, कुणीतरी एकदा तरी चुका! मॅडमकडं बघितलं, म्हणलं डोळ्यानं, थांबीव. तर बाई खुशीत, "व्हेरी गुड! नेक्स्ट!" इंग्रजी सुधारत गेली तशी कंबर जात गेली. आन् सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी, प्रांजलनं लय अवघड वाक्य बरोबर सांगितलं... आन् कंबरंत कट! सुभेदार खाली गेला त्यो वर आलाच न्हाई.

सव्वीस जानेवारी. सुभेदार खाटंवर उताणा, कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी. युनिफॉर्म इस्त्री करून खिळ्याला. शाळंचा स्पीकर घरापत्तुर ऐकू येतोय. आन् ऋषिराज बोलला बघा... खणखणीत, अ च्या जागी अ, द च्या जागी द, आन् मग नाव! "सुभेदार कृष्णात हरिबा जाधव!" सारं! आंगावर काटा आला ओ. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. उठाय गेला. कट! परत आडवा. तिकडं मुख्याध्यापक, "सुभेदार अनुपस्थित असल्याने त्यांच्या वतीने हा सत्कार..." पुढचं ऐकूच आलं न्हाई. सारं गाव वरडाय लागलं, "द मॅडम! द मॅडम!" टाळ्या पाच मिन्टं थांबल्या न्हाईत.

मॅडम घरी आल्या. सत्काराची शाल काढली आन् सुभेदाराच्या आंगावर घातली, कानापत्तुर. हातात दुधाचा पेला दिला. म्हणाल्या, "बसा. दमला असाल." आन् हासल्या ओ! त्या हासल्या!

पण सुभेदारानं ठरवलंय. कंबर बरी हू द्या. येत्या पंदरा ऑगस्टला...

काय? नंबर आला? ती काउंटरवरची पोरगी बघा, सोनम, ती बी मॅडमचीच विद्यार्थिनी. आत येताना तिला सांगितलंय, नाव लिव, सुभेदार कृष्णात हरिबा जाधव, सारं लिव. लिवलं तिनं, डोळ्यांनी बघितलं. आता ऐका हं, कशी हाक मारती...

"द मॅडमचं मालक! द मॅडमचं मालक आल्यात का?"

...

बघितलं? बघितलं न्हवं? ह्या पोरीला सुभेदार आता... आता काय सांगू, आजाबात जाणार न्हाई आत. सारं नाव घेतल्याबिगर पाय उचलणार न्हाई. सुभेदार काय गप बसणार...

"न्हाईत का? मग पुढचा नंबर, नानासो..."

आगं ये! थांब, थांब गं बाय! नानासो, खाली बसा तुमी! आलो... आलो. व्हय, मीच त्यो.