घटकाभर शांत बसायचं होतं

कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! अहो, मी प्रार्थना करत होते, प्रार्थना! झोपले नव्हते! डोळे मिटलेले होते, कबूल. मान खाली होती, कबूल. गालावर चादरीच्या घडीचा वळ उमटला होता... तेही कबूल, पण तो मी टेकले होते म्हणून, आणि टेकायला देवाची बंदी आहे असं मला तरी आजवर कुणी सांगितलेलं नाही! तर नवरा म्हणतो, "अगं, लागतो डोळा माणसाचा, एवढं काय त्यात?" एवढं काय? घटकाभर शांत बसायचं होतं मला, कुणाचं राज्य नव्हतं मागितलं!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्यांच्यातलेच व्हाल.

आमच्या चर्चमध्ये बायकांची सभा असते. तिथे पाळकांची बायको बोलते. आम्ही तिला पाळकीणबाई म्हणतो. गोड बाई, आवाज असा की रागावली तरी अंगाई वाटावी. ती म्हणाली, "रोज थोडा वेळ एकांतात बसा. काही मागू नका, नुसतं ऐका. प्रभू बोलतो." झालं, बाकीच्या लगेच सुरू! शिवणवाली म्हणते, "माझ्याशी कालच बोलला." नर्स म्हणते, "माझ्याशी तर बसस्टॉपवर बोलला!" मी आपली एकेकीच्या तोंडाकडे बघतेय. मत्सर नाही वाटला... खोटं कशाला बोलू, वाटला थोडा. पण त्याहून जास्त नवल वाटलं. बोलतो म्हणजे कसा बोलतो? कानात की पोटात? आणि मला हाक काय मारेल? आपण त्याला खुशाल 'अरे-तुरे' करतो, पण तो मला काय म्हणेल... अगं? अहो बाई? की आई लहानपणी हाक मारायची त्या नावानं? त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही हो मला. चौथी शिकलेली बाई मी, मोठं ज्ञान नको होतं. एकदा, एकदाच काय बोलतो ते ऐकायचं होतं.

म्हणून सगळ्यांच्या आधी उठले. स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, हात जोडले, डोळे मिटले... आणि आमचे हे उठले! एरवी उशाशी बँड वाजवला तरी कूस न बदलणारा माणूस! म्हणतात, "तू कर हं तुझी प्रार्थना, मी मुळीच आवाज करत नाही." आणि मुळीच आवाज न करता फडताळातली सगळी झाकणं खाली पाडली. अहो, वायरमन माणूस, इमारतीच्या भिंतीत कुठली तार कुठून जाते ते हात ठेवून सांगेल, पण स्वतःच्या घरात साखर कुठे असते, विचारा! "डोळे उघडू नकोस, फक्त साखर कुठे तेवढं सांग." मी डोळे मिटूनच बोट दाखवलं. "वरच्या फळीवर की खालच्या?" आता तुम्ही सांगा, देवासमोर बसून वरची फळी खालची फळी करायचं का? केलं! "आणि गाळणं?"

आमेन! संपली माझी प्रार्थना!

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत गेले. तिथे सासूबाई. गुडघ्यांनी संप केलाय त्यांच्या, पण जीभ अगदी ओव्हरटाइम करते. म्हणाल्या, "मीही बसते तुझ्याबरोबर." आता नाही कसं म्हणणार? बसलो दोघी. मी म्हटलं, आता शांतता. तर ह्या मोठ्यानं सुरू! "हे दयाळू बापा, ज्यांच्या हातून भाजीत मीठ जास्त पडतं त्यांना क्षमा कर, त्यांचं लक्ष नसतं, त्यांना लक्ष दे. जे लोक म्हाताऱ्या माणसाला पांघरूण देताना फेकून देतात, त्यांचे हात मऊ कर..." माझं नाव घेतलं नाही हं! एकदाही नाही! आणि वर शेवटी मी आमेन म्हणायचं. म्हटलं ना! काय करते?

न्हाणीघरात बसून पाहिलं. बाहेरून नवरा: "बरं वाटत नाहीये का तुला?" गच्चीवर बसून पाहिलं, तर शेजारीण वर आली, "घरात काही बिनसलंय का?" म्हणजे बघा, बाई रडत बसली तर कुणी विचारत नाही, आणि गप्प बसली की अख्ख्या बिल्डिंगला घोर! घटकाभर शांत बसायचं होतं, कुणाचं राज्य नव्हतं मागितलं!

तर मी काम करते इस्पितळाच्या लाँड्रीत. तिथली यंत्रं अशी घरघरतात की आम्ही बायका आपापसात हातवाऱ्यांनीच भांडतो. पण त्यांच्याच मागे एक खोली आहे, घड्या घातलेल्या चादरी ठेवायची. खालपासून वरपर्यंत नुसत्या चादरी. आणि चादरी आवाज पितात हो! दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. इतकी वर्षं मी तिथे ये-जा केली आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही! मग जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या डबे उघडून बसल्या की मी हळूच आत.

पहिल्यांदा काय ऐकलं असेल? स्वतःलाच! गॅसचा सिलिंडर, नवऱ्याचे फाटके मोजे, सासूबाईंचं औषध, त्या बयेनं मला तसं का म्हटलं, मी तिला असं का नाही सुनावलं... अहो, बाहेरच्या यंत्रांना बटण तरी असतं! पण बटण बंद केलं तरी ड्रम लगेच थांबत नाही, फिरत राहतो, हळू होतो, मग एक हिसका देतो आणि थांबतो. तसंच झालं. रोज जात राहिले, आणि एक दिवस आतलं थांबलं. काही ऐकू आलं नाही. पण कुणीतरी शेजारी येऊन बसल्यावर कसं न बघता कळतं, तसं काहीतरी. मी श्वास पण हळू घेतला. म्हटलं, आता बोलणार.

आणि आवाज आला! "अहो बाई!"

मी मनात म्हटलं, अस्सं, 'अहो बाई' म्हणतो तर! आवाज बायकी होता, पण देवाला काय, कुठलाही आवाज काढेल. मी डोळे मिटूनच म्हटलं, "बोल देवा, मी ऐकतेय."

"ऑपरेशनच्या हिरव्या चादरी अजून वर का गेल्या नाहीत?"

मी थक्क! एवढी वाट बघायला लावली, आणि बोलला तर हिरव्या चादरींवर! पण म्हटलं, त्याचं त्याला ठाऊक. हात जोडूनच म्हटलं, "तुझी इच्छा असेल तर आत्ता नेते."

"माझी कसली इच्छा? डॉक्टर बोंबलतायत वर!"

डोळे उघडले तर समोर सुपरवायझर! कमरेवर हात! म्हणे, "कामावर झोपता?" मी म्हटलं, "प्रार्थना करत होते." "घोरत?" अहो, घोरत नव्हते, ते नाक चोंदलं होतं! त्या दिवसापासून खोलीला कुलूप, आणि किल्ली तिच्या गळ्यात. झाली माझी खोली बंद. आता बोलायलाच बसला होता तो माझ्याशी, आणि हिनं मध्येच...

म्हटलं, चर्चच्या बायका तरी समजून घेतील. सभेत उभी राहिले, सगळं सांगितलं. शिवणवाली तोंडाला रुमाल लावून हसली. बसस्टॉपवर हिच्याशी देव बोललेला चालतो, मी चादरींत बसलेली चालत नाही! पाळकीणबाईंनी अंगाईच्या आवाजात गोष्ट सांगितली. दोघी बहिणी, मार्था आणि मरीया. प्रभू त्यांच्या घरी पाहुणा आला. मार्था चुलीपाशी राबतेय, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसलीय. मार्था चिडून म्हणाली, हिला मला मदत करायला सांग. तर प्रभू म्हणाला, मरीयेनं निवडलं तेच चांगलं. "तुम्ही फार मार्था आहात," पाळकीणबाई म्हणाल्या. "थोडं मरीया व्हा." व्हा म्हणे! कुठे होऊ? खोलीला कुलूप आहे!

संध्याकाळी सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावताना सगळा राग तिथे निघाला. "हळू, मेले मी!" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही, तुम्हीच सांगा मला. मार्था बसली तर पाहुणे उपाशी. मरीया उठली तर तिचं ऐकणं बुडालं. मग बाईनं करायचं काय?"

सासूबाई म्हणाल्या, "त्यांना भाऊ होता ना."

"भाऊ? कसला भाऊ?"

"सख्खा. त्यांच्यातच राहायचा. पुढे मेला, आणि प्रभूनं थडग्यापाशी जाऊन त्याला जिवंत केलं, तोच की!"

"तोच? मग त्या दिवशी, त्या दोघी भांडत होत्या तेव्हा, तो कुठे होता?"

सासूबाईंनी तोंड उघडलं... आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा! मग हळूच मान वळवून त्यांनी बाहेरच्या खोलीत बघितलं. तिथे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, खुर्चीवर पाय पसरून टीव्ही बघत होता. मीही बघितलं. टीव्ही चालू होता, पण मला ऐकू येईना. आणि तुम्हाला सांगते, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, मला वाटलं आमच्या दोघींबरोबर तिसरं कुणीतरी तिकडे बघतंय... आणि हसू दाबतंय.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी कंबर कसली. सकाळ झाली की अंथरुणातूनच, "ऊठ रे! ऊठ! ती प्रार्थनेला बसलीय दिसत नाही तुला? चहा तू कर! तिला शांतता हवीय! शांतता!" अहो, माझ्या शांततेसाठी अशा ओरडतात की खालच्या मजल्यावरची माणसं उठून बसतात! नवरा धडपडत उठतो, "हो गं आई, हो गं आई," आणि मी त्या सगळ्याच्या मधोमध डोळे मिटून!

घटकाभर शांत बसायचं होतं, कुणाचं राज्य नव्हतं मागितलं. नाही मिळालं, आता मिळेल असं वाटतही नाही. मग बोल लावू कुणाला? सासूबाईंना? म्हातारी माझ्याच बाजूनं ओरडतेय. नवऱ्याला? उठतो तरी बिचारा. मार्थेला, मरीयेला? त्या दोघींना तर जो येतो तो धुतो, हिनं बसायला हवं होतं, तिनं उठायला हवं होतं! पण धडधाकट भाऊ घरात असून ज्याला कुणी अवाक्षर बोललं नाही, कुणी साधं विचारलं नाही की बाबा, तू काय करतोयस... आणि ज्यानं पडून राहायची अशी सवय लावून घेतली की शेवटी त्याला उठवायला खुद्द प्रभूला थडग्याच्या दाराशी येऊन मोठ्यानं हाक मारावी लागली! त्याच्यापासून सुरू झालंय हे सगळं. त्याचंच नाव घेते मी आता.

लाजर!