धुराची सावली

मावशी : नाही, या वाक्याचा फलक मी बागेतल्या माझ्या शिकवणीच्या खोलीत लावू देणार नाही. "धूर ऊन अडवतो, म्हणून बाग थंड राहते." कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

भाचा : माझ्याच. बागेचा अधीक्षक आहे मी, मावशी, थापाड्या नाही. आम्ही पालापाचोळा जाळतो ना मागे, तिथे धुराखाली तापमापी ठेवून बघितली. उघड्या मैदानापेक्षा पारा खाली होता.

मावशी : असेल. म्हणून तर जास्त राग येतोय. धादांत खोटं असतं तर पोरांनीच तुला उघडं पाडलं असतं.

भाचा : खरं आहे म्हणतेस, मग भांडण कसलं?

मावशी : अर्ध्या खऱ्याचं. ये इकडे खिडकीत. ही काच तुझ्याच ढिगाच्या धुरावर धरून काळी केलीय. सकाळपासून उन्हात आहे. घाल हात तिच्याखाली.

भाचा : सावली आहे. गार लागतंय. मी तरी दुसरं काय लिहिलंय?

मावशी : आता वरून काचेला हात लाव.

भाचा : आई गं.

मावशी : का रे? थंड राहते ना बाग?

भाचा : चटका बसला की. लहानपणीही असंच करायचीस तू.

मावशी : तेव्हा तू शिकायचास तरी. अडवलेलं ऊन जातं कुठे, हे विचारलंस का स्वतःला? धुरातले काळे, तपकिरी कण ते पिऊन बसतात. जमीन सावलीत राहते आणि वरची हवा तापते. मग ढगांचं नि पावसाचं गणितही बिघडू शकतं. तेच कण वाऱ्याने लांबच्या बर्फावर जाऊन पडले, की बर्फ मळतं. ऊन परतवायचं सोडून शोषायला लागतं आणि लवकर वितळतं.

भाचा : पण सगळेच कण काळे नसतात. काही ऊन परत फेकतात. वाचलंय मी.

मावशी : शाब्बास. फेकतात, आणि त्याने गारवाही येतो. किती गार नि किती गरम, ते काय जळतंय, कसं जळतंय, धूर कशावरून वाहतोय, यावर ठरतं. जाणकार माणसं अजून त्यावर डोकं खपवताहेत. आणि तू एक तापमापी पाल्याशेजारी ठेवून निकाल लावून मोकळा झालास.

भाचा : मला वरून सांगितलंय गं. धुराच्या तक्रारी येतात. पाला कुजवायला खड्डे खणावेत तर माणसं देत नाहीत. फलकाखाली तुझं नाव असलं की लोक गप्प बसतील. निम्म्या गावाला तूच तर शिकवलंयस.

मावशी : म्हणजे पाला तू जाळणार आणि काजळी माझ्या नावावर.

भाचा : नाव दिलं नाहीस, तर ही खोली काढून घेणार आहेत. अवजारं ठेवायला हवीय म्हणे. मी कुठवर थोपवू?

मावशी : थोपवू नकोस.

भाचा : एका वाक्यापायी? तुझी मुलं जातील कुठे?

मावशी : झाडाखाली बसतील. खोली नसली म्हणून कुणाचं शिकणं अडत नाही. पण एकदा चुकीचं डोक्यात बसलं की ते उपसून काढता काढता नाकी नऊ येतात. माझा सगळा जन्म त्यातच गेलाय.

भाचा : तुला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मावशी : घडा कुणाचा पालथा आहे, ते राहू दे. तुझ्या हाताला मलम लाव आधी. त्या फळीवर आहे.

(तो मलम लावतो.)

भाचा : फलक छापून आलाय, मावशी. फक्त खाली नावाची जागा कोरी आहे. तुझं नाही, तर कुणाचं घालू?

मावशी : तुझं घाल. धाकटी लेक वाचायला लागलीये ना तुझी?