दवण्याचं तेल

हेब्बाळला सुगंधी तेलांच्या कारखान्यात तपासणीला असते, म्हणून माझं घर कायम घमघमत असेल म्हणता ना? ऐका मग. आई गेल्यावर अप्पांनी एकच गोष्ट मागितली, ‘दवण्याचं तेल आण.’ आई रोज गजऱ्यात दवण्याची काडी घालायची. मी अस्सल तेल आणलं, त्यांच्या मनगटावर थेंब लावला. त्यांनी हुंगलं आणि म्हणाले, ‘अय्यो, हे तिचं नाही.’

दुसऱ्या खेपेचं आणलं, तर ‘हेही तिचं नाही.’

तिसऱ्यांदा तेच ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ‘अप्पा, मी स्वतः मशीनवर तपासलंय, तेल शुद्ध आहे! दवण्याच्या तेलाची खोडच आहे ती, माणसागणिक कातडीवर त्याचा वास बदलतो. तुमच्या हातावर आईचा वास कसा येईल?’

बोलून गेले आणि जीभ चावली.

अप्पांनी सावकाश बाटलीचं बूच लावलं. म्हणाले, ‘सरी बिडु, जाऊ दे. तेल तिचंच आहे गं. तीच नाही.’